मास्टरांचं अनडूइंग

टेलर मास्टरांनी घरातलं मशीन उचलून रस्त्यालगतच्या गाळ्यात नेलं आणि त्यांना इंग्रजी बोर्डाची हौस आली. मास्टर नवे कपडे शिवत नसत. जुने उसवून, आतबाहेर करून अंगाला बसवून देत. 'येथे कपडे आल्टर करून मिळतील' एवढं लिहिलं तरी पुरे, असं त्यांच्या बायकोचं मत होतं.

"निदान पलीकडच्या इंग्रजीच्या बाईंना तरी विचारा," ती म्हणाली.

"उसवण्यात हयात गेली माझी. मला काय कुणी शिकवायचं?"

फोनमध्ये मास्टरांना 'अनडू' हा शब्द सापडला. केलेलं उलटवणं, गाठ सोडणं, शिवण उसवणं. त्याला त्यांनी आपल्या मनाने शेपूट जोडलं आणि पिवळ्यावर लाल अक्षरांत बोर्ड लावला : 'वुई आर युवर अनडूइंग.'

बोर्ड गाजला. येणारेजाणारे थांबायचे, हसायचे, फोटो काढायचे. मास्टर खूश होऊन दारात उभे राहायचे, फोटोत आपणही यावं म्हणून. उत्साहाच्या भरात त्यांनी तेच वाक्य कापडी पिशव्यांवरही छापून घेतलं. आत मात्र कुणी येईना. एक जुनं गिऱ्हाईक पँट घेऊन दारापर्यंत आलं, वर बघितलं आणि म्हणालं, "राहू दे मास्टर. सध्या आमचं बरं चाललंय."

"या फोटोवाल्यांपैकी एकाने तरी साधी चेन बदलायला टाकली का?" बायकोने विचारलं.

"नाव व्हायला वेळ लागतो."

"नाव झालंय हो. कशाबद्दल झालंय, ते कळत नाही."

शेवटी एका दुपारी इंग्रजीच्या बाई स्वतःच आल्या. छातीशी पिशवी घट्ट धरलेली. त्या स्टुलावर बसल्या, पाणी प्यायल्या आणि शाळेतल्या आवाजात म्हणाल्या, "मास्टर, अनडूइंग म्हणजे माणसाचा सत्यानाश."

मास्टरांच्या हातातला टेप खाली पडला.

"त्यातही बहुतेकदा आपल्याच हाताने ओढवून घेतलेला. आपल्या पायावर आपणच धोंडा पाडून घेतो ना, तसा."

"म्हणजे बोर्डावर..."

"आम्ही तुमचा सत्यानाश, असं लिहिलंय."

बायको हसली नाही. ते मास्टरांना जास्त लागलं. ते मुकाट्याने आतून शिडी घेऊन आले. त्यांनी बोर्डाचा एक खिळा काढला, तेवढ्यात खालून बाईंचा आवाज आला. या वेळी तो शाळेतला नव्हता.

"मास्टर, आधी जरा हे बघता का?"

पिशवीतून त्यांनी एक कोट काढला. यजमानांचा नवा सूट. उद्या लेकीचा पदवीदान समारंभ. बाह्या किंचित लांब होत्या, तेवढ्यासाठी कशाला कुणाकडे जायचं, म्हणून बाईंनी व्हिडिओ बघून घरीच कापल्या होत्या.

"ही बाही अजून लांबच आहे," मास्टर म्हणाले. "आणि ही तर पार वर गेलीय."

"एक कापली. मग फोन आला. परत आले आणि दुसरी समजून तीच कापली." बाईंनी पदर नीट केला. "रोज तुमचा बोर्ड दिसतो. आज वाटलं, हा माझ्यासाठीच लावलाय. यांना कळता कामा नये हो. मी यांना सतत म्हणत असते, तुम्हाला धड एक काम येत नाही."

मास्टरांनी कोट उलटसुलट केला आणि मान हलवली. मार्ग बायकोने काढला. "कापलेले तुकडे आहेत?" ते पिशवीत होते. "मग परत जोडू. जोड दिसू नये म्हणून दोन्ही बाह्यांना काळी पट्टी लावू. लोकांना वाटेल फॅशन आहे."

बाई कोट ठेवून घरी गेल्या आणि संध्याकाळपर्यंत नवराबायको दोघं खपली. मास्टर उसवत होते, ती शिवत होती आणि बोर्डाचा विषय कुणीच काढला नाही. कोट तयार होऊन हँगरवर लागतो न लागतो तोच दारात एक गृहस्थ उभे राहिले. बाईंचे यजमान. मास्टरांच्या बायकोने चपळाईने कोटावर चादर टाकली.

"जरा खाजगीतलं काम आहे," ते हळूच म्हणाले आणि शर्टाखाली लपवलेली पँट त्यांनी टेबलावर ठेवली. त्याच सुटाची. "कंबरेत घट्ट होत होती. म्हटलं, दोन टाके काढावेत. ब्लेड लावलं, तर ते टाके सोडून कापडातच घुसलं."

मागच्या बाजूला चांगली वीतभर खिडकी झाली होती.

"कोटाखाली झाकली जाईल," मास्टर म्हणाले.

"तेवढी कृपा करा. पण हिच्या कानावर जायला नको. हिचं सगळं कसं नीटनेटकं असतं. मी आपला असा धांदरट."

मास्टरांनी चादरीकडे पाहिलं. त्यांचे ओठ हलू लागले. इतकी सुंदर गोष्ट पोटात ठेवायची म्हणजे छळच होता. आतून रफूसाठी कापड बघून येतो, असं गृहस्थांना सांगून ते बायकोला घेऊन पडद्यामागे गेले.

"अगं, सांगून टाकूया. दोघंही हसतील."

"खबरदार," बायको दबक्या आवाजात म्हणाली. "ती त्यांच्यासमोर हुशार आहे आणि ते तिच्यासमोर बिचारे. बरा चाललाय त्यांचा संसार. तुम्ही आता तोंड उघडलंत ना, तर ते तुमचं अनडूइंग."

मास्टरांनी तोंड मिटलं. हा शब्द नेमका कुठे वापरायचा, हे त्यांना आत्ता कुठे समजलं होतं.