मामांचं दुखणं

मामी गेल्या त्या दिवशी मामा माधवनगरच्या घरापासून स्मशानापर्यंत चालत गेले आणि वाटेत कुठेही थांबले नाहीत.

हे मुद्दाम सांगायचं, कारण त्याआधी कित्येक वर्षं मामा दर विजेच्या खांबापाशी थांबत. खांबाला हात टेकायचा, डोळे मिटायचे आणि म्हणायचं, "माजा पंप बसला गड्या." जन्म विहिरींवरचे पंप दुरुस्त करण्यात गेला होता, हृदयाला ते दुसरं काही म्हणत नसत. मागून मामी पोचल्या की जवळच्या दुकानाच्या पायरीकडे बोट. "बस हितं. पेशंटपाशी माणूस नगं?" मामी बसत.

कोरेगावच्या एका लग्नात पंगती वाढायला घरच्या सुना निघाल्या, मामींनी पदर खोचला आणि मामा मांडवातच आडवे झाले. मामींना उशाशी बसून वारा घालावा लागला. थोरल्या मामी, म्हणजे त्यांच्या मोठ्या जाऊबाई, वाढता वाढता म्हणाल्या, "भावजी, तुमचा पंप बरा पंगतीच्या टायमाला बसतो."

"वयनी, त्येला वास येतो," मामा डोळे न उघडता म्हणाले. नंतर त्यांनी चार लाडू खाल्ले. लाडवात मीठ नसतं, हे त्यांचं स्पष्टीकरण.

मीठ त्यांनी सोडलं होतं. भाजी अळणी हवी आणि मामींनी नंतर त्यांच्याच ताटात तीच खावी, हा हट्ट. आम्ही शिकलेली भाचरं या जुनाट रीतीवर नाकं मुरडत असू. थोरल्या मामींना मात्र दिराची तेवढी एकच गोष्ट पसंत होती.

खरं तर दम मामींनाही लागे, पायांवर सूज येई. पण ही नव्वद सालानंतरची पहिली वर्षं; सांगलीला मशीनवर पाहिलं तर त्यांचं हृदय चांगलं जोमानं चाललेलं दिसलं. वयाचं आहे म्हणून त्यांना घरी पाठवलं. तेव्हापासून मामींना बसायला कारण उरलं नाही. टेकल्या की थोरल्या मामी म्हणत, "मशीननं चांगलं हाय म्हनून सांगितलं न्हवं?" मामी उठत.

तेरावा झाल्यावर मी मामांना विचारलं, तुम्हाला डॉक्टरांनी नेमकं काय सांगितलं होतं?

"मला कशाला सांगतोय? मी कवा दावलंय त्येला?"

मग ते सावकाश सांगू लागले. मामींना त्यांनी गुपचूप आणखी एका डॉक्टरांकडे नेलं होतं. डॉक्टर म्हणाले, पुरुषांचं हृदय बहुधा फुगतं, ढिलं पडतं, ते मशीनवर लगेच कळतं. बायकांचं पुष्कळदा ताठर होतं. रक्त नीट फेकतं, पण दोन ठोक्यांच्या मधे सैल होत नाही, म्हणून पुरतं भरत नाही. मीठ तोडा, विश्रांती द्या.

"मी म्हनलं, डॉक्टर, म्हंजे पंप फेकायला तयार हाय, पर आत पानीच भरंना. त्यो म्हनला, व्हय."

"मग घरात सांगायचं होतं, मामा."

"सांगितलं की. वयनी म्हनल्या, हार्टचं दुखनं गड्यास्नी होतं, बायकास्नी कुटनं? आन ही तर लय शानी. चारचौघी राबत असताना बसायची लाज वाटायची तिला. म्हनायची, मला काय झालंय? मी म्हनलं, गड्यास्नीच होतं न्हवं? मग मला झालं."

"आणि ती अळणी भाजी?"

"लय वंगाळ लागायची," मामा म्हणाले.

थोरल्या मामी दारात उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं असावं. त्या आत गेल्या.

मामा ठणठणीत आहेत. माधवनगरहून सांगलीपर्यंत चालत जातात. दुखणं नाही, म्हणून त्यांच्यापाशी कुणी बसत नाही.