किसनभाऊंचं वांगं आणि माझा ब्राझीलचा रस

किसनभाऊंचा कुठल्याही गोष्टीवर विश्वास बसायच्या आधी एका वांग्याचा जीव जातो.

नवी सुरी आणली, की वांगं. विहिरीच्या पाण्याची शंका आली, की त्यात वांग्याच्या फोडी. एकदा पाणी शुद्ध करायचं यंत्र विकायला टाय लावलेला माणूस दारात आला. भाऊंनी एका बशीत यंत्राचं पाणी घेतलं, दुसरीत विहिरीचं, दोन्हीत फोडी टाकल्या आणि त्याला म्हणाले, "बसा. अर्ध्या घंट्यात समजते." तो माणूस चहा पिऊन, भरतासाठी दोन वांगी घेऊन गेला. यंत्रही त्याच्यासोबतच गेलं. वाशीमच्या बाहेर भाऊंचा वांग्याचा मळा आहे, त्यामुळे प्रयोगाच्या साहित्याला तोटा नाही. शास्त्रही सोपं: चिरलेलं वांगं हवेनं काळं पडतं; जे त्याला काळं पडू देत नाही ते चांगलं, बाकी सगळ्या गप्पा.

त्यांच्या समोरच्या घरात मी राहतो. शाळेत इतिहास शिकवतो आणि उरलेल्या वेळात, बायकोच्या मते, न येणारे सगळे विषय.

एका सभागृहात मला आग्रहानं बोलावलं गेलं. व्यासपीठावरच्या कोटवाल्या गृहस्थांनी ब्राझीलच्या जंगलातल्या फळाचा जांभळा रस दाखवला आणि 'अँटीऑक्सिडंट' हा शब्द असा उच्चारला, की टाळ्या मीच सुरू केल्या. बाटली तान्ह्या बाळासारखी धरून घरी आणली आणि गल्लीत उभं राहून व्याख्यान ठोकलं.

"आपल्या शरीरात फ्री रॅडिकल नावाचे उनाड कण हिंडत असतात! ते पेशींना गंज चढवतात! आणि हा रस त्यांच्यावर तुटून पडतो!"

हात बहुधा पानिपतच्या धड्यात फिरतात तसेच फिरले असावेत. बायको खिडकीतून म्हणाली, "घरात पेरू सडून राह्यले. ते खा आधी."

सगळे हसले. किसनभाऊ हसले नाहीत.

त्याचं कारण त्यांची बायको, सुमनवहिनी. श्रावणात त्यांना ताप आला. ताप गेला, पण जाताना तोंडाची चव घेऊन गेला. दोन महिने त्या दोन-चार चमचे पेजेवर होत्या. डॉक्टर म्हणत, तपासण्या चांगल्या आहेत, आता खाऊ घाला. पण खाणार कोण? रोज कुणीतरी काहीतरी सुचवायचं आणि भाऊ ते आधी वांग्यावर करून बघायचे. केनवडच्या मेहुण्यानं आणलेल्या चूर्णात फोड डांबरासारखी झाली. चूर्ण उकिरड्यावर गेलं.

मी आठवडाभर रोज रस घेतल्यावर भाऊंनी मला गाठलं. "मास्तर, यानं ताकद येते म्हन्ता?"

"येतेच!"

"तुमाले आली?"

"पायऱ्या चढताना फरक जाणवतो," मी म्हणालो. आमच्या घराला पायऱ्या तीन आहेत.

भाऊंच्या ओट्यावर चार बशा मांडल्या गेल्या. एक कोरडी, एकीत पाणी, एकीत लिंबाचा रस, एकीत माझं ब्राझील. वहिनी दाराशी खाटेवर टेकून बघत होत्या. अर्ध्या तासानं कोरडी फोड काळी पडली होती, पाण्यातली तपकिरी. लिंबातली पांढरीशुभ्र. माझी जांभळी.

"हे त गेली," भाऊ म्हणाले.

"रंगच जांभळा आहे तिचा! धुऊन बघा! खरवडून बघा!"

त्यांनी धुतली, सुरीनं खरवडली. आत चक्क पांढरी! मी दोन्ही हात वर केले.

"बरं, मानलं. फोड वाचली," भाऊ शांतपणे म्हणाले. "पन मास्तर, लिंबानंबी वाचली. लिंबू त आपल्या बांदावर हाय. आन मानूस काई चिरून बशीत ठेवेल नसते. पोटात गेल्यावर हे काय करते, ते वांगं कसं सांगन?"

आपल्या इतक्या वर्षांच्या शास्त्राची मान त्यांनी स्वतःच मुरगळली. मग बाटली माझ्या हातात दिली. "वाचा, काय काय हाय यात."

मी चष्मा लावला. आधी सफरचंद, मग द्राक्ष, मग साखर. ब्राझीलचं फळ सगळ्यात शेवटी, लग्नपत्रिकेतल्या दूरच्या पाहुण्यासारखं. मी आवाज हळूहळू उतरवत शेवटचं नाव जवळजवळ गिळून टाकलं.

दुसऱ्या दिवशी माझी रक्ततपासणी होती. डॉक्टरांनी विचारलं, "रोज गोड काय घेता?"

"अँटीऑक्सिडंट," मी म्हणालो.

"ते राहू द्या. त्यातली साखर बंद करा."

बाटली फळीवर पिठाच्या डब्यामागे गेली.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी किसनभाऊ मागच्या दारानं आले. हा माणूस कधी मागच्या दारानं येत नाही.

"ते बाटली हाय का अजून?"

मी छाती फुगवली. "अखेर पटलं तर!"

"पटलं नाई," ते जमिनीकडे बघत म्हणाले. "त्या दिशी बश्या उचलता उचलता तिनं रसाचं बोट चाटलं होतं म्हन्ते. आज मांगतलं. दोन मयन्यात पयल्यांदा काई मांगतलं तिनं."

बाटली घेऊन मीही त्यांच्यामागे गेलो. भाऊंनी वाटीत रस ओतून वहिनींसमोर धरला.

"पयले तुमी," वहिनी म्हणाल्या.

लग्नापासून नवऱ्याआधी घास न घेतलेली बाई. आजारातही नेम मोडायला तयार नव्हती. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की गेले दोन महिने प्रत्येक पेजेचा पहिला चमचा भाऊंनीच गिळला असणार. या माणसाला गोडाचा तिटकारा, चहासुद्धा बिनसाखरेचा. त्यांनी घोट घेतला, भिंतीकडे तोंड केलं, डोळे घट्ट मिटले आणि वळून म्हणाले, "मस्त हाय. घे."

वहिनी सावकाश, घोट घोट घेत वाटी संपेपर्यंत प्यायल्या. पदरानं ओठ पुसले.

"लय गोड हाय बाप्पा. यावर काई तिखट पायजे. ठेचा-भाकर हाय का?"

भाऊ ताडकन उठले. चुलीकडे बघितलं. ती गार होती. त्या घरात एकट्यासाठी कोण भाकर थापणार? ते माझ्याकडे वळले.

"मास्तर, तुमच्या घरी..."

पुढचं ऐकायला थांबलो नाही. मी अनवाणीच गल्ली ओलांडून पळालो आणि धापा टाकत स्वयंपाकघरात शिरलो.

"काहून? कोनाले काय झालं?" बायको घाबरून ओरडली.

मी नुसता तव्यावरच्या भाकरीकडे बोट दाखवत उभा राहिलो.