दुडुदुडे आणि मधला पोपट

एका जंगलात एक हौशी सिंह होता. त्याला मेजवान्या द्यायचं भारी वेड. बसा बाळांनो, चुळबुळ नको.

पाहुण्यांची नावं सिंह एका दमात सांगायचा. ती सुटी करून एकेका खणात ठेवायचा प्रोग्रॅम टणटणे नावाच्या माकडाने लिहिला होता, सी भाषेत. ही भाषा फार सोशिक. मेमरीच्या खणात मावणार नाही इतकं कोंबलंत तरी ती कुरकुरत नाही. उरलेलं गुपचूप शेजारच्या खणात सांडते.

शेवटच्या पाहुण्याच्या शेजारचा खण होता 'आजचा पदार्थ'.

एकदा शेवटचा पाहुणा होता ससा, श्रीमान शुभ्रकांतराव दुडुदुडे. श्रीमान मावले, शुभ्रकांतराव मावले, दुडुदुडे सांडले. मुदपाकखान्यात निरोप गेला, आजचा पदार्थ दुडुदुडे. ससा इस्त्रीचा सदरा घालून आला, तर आचारी अस्वल दारातच मसाला वाटत बसलेलं. दुडुदुडे आपणच का, असं त्याने अगदी आदराने विचारलं.

ससा जो पळाला तो थेट टणटण्याच्या झाडाखाली. रडकुंडीला आला होता बिचारा.

माझ्या झाडावर तर सगळं व्यवस्थित चालतं, असं टणटण्याने सांगितलं. मग नाव जरा छोटं करा, असा सल्ला दिला.

ससा म्हणाला, "नाव आजोबांचं आहे हो. तुम्ही अक्षरं मोजून खण मोठा करा ना."

मोजत बसणं टणटण्याला कमीपणाचं वाटे. चूक कुठे होते ते कळावं म्हणून त्याने त्या दोन खणांच्या मध्ये एक पोपट बसवला. येईल ते नाव मोठ्याने ओरडायचं, एवढंच त्याचं काम. आणि काय सांगू, चूक गायब! होणारच की. सांडलेले दुडुदुडे आता पोपटाच्या खणात पडत होते. पोपट उठवला की अस्वल मसाला वाटायला बसे. पोपट बसवला की भोपळ्याची भाजी होई.

"चूक सापडली का?" सशाने विचारलं.

"आता कशाला शोधायची? पोपट आहे ना."

"आणि तो उडून गेला तर?"

"तेवढं तुम्ही बघा," टणटणे म्हणाला आणि पेरू खायला लागला.

सिंहाने टणटण्याला बढती दिली. ससा अजून मेजवानीला जातो. राजाचं आमंत्रण, नाही कसं म्हणणार? पण जेवत नाही. सगळा वेळ पोपटाला मिरच्या भरवतो, आणि पोपटाने पंख झटकले की घाईघाईने आणखी एक मिरची पुढे करतो.

तात्पर्य : चूक शोधण्यात जन्म घालवू नये. ती झाकेल असा पोपट बसवावा. मिरच्यांची काळजी नको, ज्याच्या जिवावर बेतलंय तो आपण होऊन आणतो.