दोन सेंट, एकच ओरखडा

प्लास्टिकच्या डबीत नाणं बंद करून वर 'अस्सल' छापणाऱ्या साहेबांनो, तुम्ही आंधळे आहात असं मी म्हणत नाही. आंधळा निदान चाचपून तरी बघतो.

माझे दाजी थॅडियस क्लाइनफेल्टर यांची ओळख त्यांच्याच शब्दांत सांगतो: "पेनसिल्व्हेनियातला एकमेव ताम्र-गुप्तहेर! पोलीस चेहरे बघून चोर ओळखतात, मी नाण्यावरची पानं मोजून तांब्याचा सेंट ओळखतो." एरवी ते जुने टायर विकतात. मी त्यांच्या बायकोचा भाऊ, म्हणून भिंग आणि दिवा वाहण्याचा मान माझा.

अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये नाण्यांचा बाजार भरला होता. म्हातारा ऑर्विल स्टँबॉ आमच्या टेबलाशी आला. जुन्या टांकसाळीत सेंट पाडायचा एकेक ठसा हाताने कोरत. त्यामुळे नाण्यामागच्या वेलीत कुठे पान जास्त, कुठे बोर कमी. ऑर्विलने जन्मभर असे वेगवेगळ्या ठशांचे सेंट जमवले आणि गेल्या वर्षी ते सगळे देऊन १७९८चा एकच घेतला. पानाजवळ तडा गेलेल्या ठशाचा, जगात एकुलता एक. तुमच्या डबीतला. आज समोरच्या टेबलावर तसाच दुसरा निघाला. तोही तुमच्याच डबीत! ऑर्विल तो बघायला म्हणून विक्रेत्याकडून मागून आणला होता.

"थॅड, माझा खोटा तर नाही ना रे?"

दाजींनी भिंग डोळ्याला लावलं. "चोरी! हा तुझाच सेंट चोरलाय."

"दाजी, त्यांचा त्यांच्या हातात आहे."

"म्हणजे चोराने परत आणून दिला. सराईत दिसतो."

मग दाजींच्या गोष्टीत टांकसाळीतला एक दारुडा कामगार उपटला. सुट्टीच्या दिवशी त्याने गुपचूप दुसरा सेंट पाडला म्हणे.

"पुरावा, दाजी?"

"दारुडा कधी पुरावा ठेवतो का, गाढवा?"

एवढ्यात त्यांना दिसलं, की दोन्ही नाण्यांवरच्या बाईच्या गालावर नाकापासून हनुवटीपर्यंत एक तिरपा ओरखडा आहे. त्यांनी टेबलावर अशी मूठ आपटली की कॉफी ताटलीतल्या काकवीच्या पाय-पेस्ट्रीवर सांडली. "ओरखडासुद्धा सारखा! म्हणजे ओरखडा ठशालाच होता! नवा प्रकार! नाव लिहून घ्या, क्लाइनफेल्टर ठसा!"

मंडळींनी टाळ्या पिटल्या. सगळे तज्ज्ञ बरं का, एकेकाच्या गळ्यात दोन-दोन भिंगं. ऑर्विलचा चेहरा उजळला. "म्हणजे माझा खरा?"

"दुप्पट खरा!"

ऑर्विलची मुलगी लोरेटा शेजारी ती कॉफीने भिजलेली पेस्ट्री खात बसली होती. तिला तांब्यात काडीचा रस नाही. "पप्पा, मी आणि मार्ला जुळ्या. तुम्ही आम्हाला कसं ओळखता?"

"तुझ्या हनुवटीवर टाके आहेत. सायकलवरून तूच पडलीस."

"आणि मानेवरचा तीळ?"

"तो दोघींना आहे. जन्मतःच."

"मग उद्या मार्लाच्या हनुवटीवरही हेच टाके दिसले तर?"

तेव्हा कुठे सगळ्यांच्या डोक्यात उजेड पडला. तडा ठशातला, तो दोघांवर येणारच. पण ओरखडा पडतो खिशात, गल्ल्यात, रस्त्यावर. तो दोघांना एकाच जागी पडेलच कसा? कुणीतरी एका झिजलेल्या सेंटवरून ओरखड्यासकट नवा ठसा बनवला आणि हे दोन्ही पाडले. बस, एवढंच रहस्य.

"हेच मी म्हणणार होतो," दाजी म्हणाले.

"तुम्ही टाळ्या घेत होता, दाजी."

ऑर्विलचे ते जुने सेंट केव्हाच दहा जणांत वाटले गेलेत, आता कुणी परत देत नाही. त्याने सर्वांदेखत तुम्हाला फोन लावला. तुमचा माणूस म्हणाला, "आम्ही प्रत्येक नाणं स्वतंत्र तपासतो, सर." आणि फोन ठेवला.

ठीक आहे. पहिलं तपासलंत तेव्हा दुसरं जगासमोर आलं नव्हतं, मान्य. पण दुसरं तपासलंत तेव्हा पहिल्याचा हातभर मोठा फोटो तुमच्याच कचेरीच्या भिंतीवर लावलेला होता, त्या ओरखड्यासकट. तेव्हा तुम्ही नक्की कुठे बघत होता? ऑर्विल अजून फोनशेजारी बसून आहे. त्याला सांगा.