टिकल्यांआडचे शुक्रवार

"सोमवारी या. आपल्याला सगळी माहिती मिळेल!" असं रामकिसन सर फोनवर म्हणाले आणि फोन ठेवून स्वतःच चकित होऊन बसले. इतकं ठाम वाक्य त्यांच्या तोंडून बाहेर पडायची ही पहिलीच खेप! लग्नाच्या वयातही त्यांना धड 'हो' म्हणता आलं नव्हतं. म्हणून तर निवृत्ती दारात आली तरी ते एकटेच होते.

आष्टीच्या शाळेचं ग्रंथालय त्यांच्याकडं होतं. 'तुम्ही लई वाचता' एवढ्या एका गुन्ह्यावरून जनमाहिती अधिकाऱ्याचं कामही त्यांच्याच गळ्यात पडलं होतं. जालन्याच्या एका दैनिकाच्या वार्ताहर सत्यशीलाबाईंनी माहितीच्या अधिकारात टपालानं अर्ज केला होता. दर शुक्रवारी पोरांना अंडं देतानाचा फोटो शाळा वर पाठवते, ते दोन महिन्यांचे फोटो त्यांना हवे होते. पोरं म्हणत होती, अंडं एकदाच मिळालं. शाळा म्हणत होती, दर शुक्रवारी मिळतं. सरांना विचारून उपयोग नव्हता. दुपारी ते पुस्तकात इतके बुडालेले असत, की ताटात हत्ती वाढला असता तरी त्यांना कळलं नसतं.

"सर, पोरांचे चेहरे हायेत त्यात!" मुख्याध्यापक सोमेश्वर सर म्हणाले. "पोरांची माहिती बाहेर द्यायची न्हाई, कायदा हाय. 'देता येत न्हाई' लिहा अन् मोकळे व्हा."

सरांना ते पटलं. सरांना कुणाचंही लगेच पटायचं. पण रात्रीपुरतं. सकाळी त्यांनी कायदा काढून वाचला. आपल्यालाच कळत नसेल म्हणून चष्मा पुसून पुन्हा वाचला. तरी अर्थ तोच निघाला : झाकायचं तेवढं झाका, उरलेलं देऊन टाका. म्हणून तर त्यांनी बाईंना तो फोन केला होता.

आता झाकायचं कशानं? फोटोंच्या गुळगुळीत कागदावर काळी शाई ठरेना. बोट लागलं की पुसली जायची, आणि खालून पोरगं पुन्हा दात काढून हसायचं! तेव्हा सर बाजारात दुर्गाबाईच्या बांगड्यांच्या दुकानी गेले.

"टिकल्या द्या. लाल, गोल."

"किती?"

"असतील तेवढ्या."

दुर्गाबाईच्या हातातली बांगडी हातातच राहिली. "कोणासाठी म्हणायच्या, सर?"

सर कानापर्यंत लाल झाले. "ते… नाव सांगता येत नाही. कायद्यानं मनाई आहे."

संध्याकाळपर्यंत अख्ख्या आष्टीला खबर लागली. सर लग्न करून राह्यले! गुपचूप! अन् कोर्टात! सोमेश्वर सरांनी तर सुटकेचा श्वास सोडला. नवरदेवाला कुठला आलाय कायदा! अर्जाचं काय झालं, हे त्यांनी पुन्हा विचारलंही नाही.

इकडं सर ग्रंथालयाच्या खिडकीशी बसून टिकल्या लावत होते. दुपार सायीसारखी जाड झाली होती. दूर कुठंतरी कोणी पाढे म्हणत होतं. एकेक चेहरा टिकलीआड जाई, आणि सरांना वाटे, अंगणात एकेक लाल चंद्र उगवतोय. चंद्र मांडी घालून बसलेत. चंद्रांपुढं ताटं आहेत. ताटांत आणखी छोटे, पांढरे चंद्र. एवढ्या सगळ्या आभाळाचा मी जनमाहिती अधिकारी! या विचारानं त्यांना खिडकीतलं ऊनही लागेनासं झालं. पहिल्या फोटोला फार वेळ लागला. पुढं मात्र हात असा बसला, की न बघताही टिकली बरोबर चेहऱ्यावर पडू लागली. 'जमतंय की आपल्याला!' सर आयुष्यात पहिल्यांदा स्वतःवर खूश झाले.

सोमवारी सत्यशीलाबाई आल्या. टेबलावर फोटो मांडतात न मांडतात, तोच सोमेश्वर सर पेढ्यांचा पुडा घेऊन आत शिरले. समोर बाई, टेबलभर टिकल्या!

"या वहिनी, या! आमचे सर लाजाळू, पण माणूस सोनं हाय! घ्या, तोंड गोड करा!"

"मी वहिनी न्हाई, वार्ताहर हाय," बाई म्हणाल्या. "पण पेढा द्या. अन् जरा हे बघा. चेहरे झाकले ते बरं झालं, बाकीचं नीट दिसून राह्यलं. हे कुत्रं. पहिल्या शुक्रवारी खांबापाशी एक पाय वर. दुसऱ्या शुक्रवारी पाय वर. दोन महिने झाले, पाय वरच! दमलं नसंल का हो?"

सोमेश्वर सरांचा पेढा घशात अडकला. "खांब… खांब तोच हाय ना, मॅडम. सवय लागती जनावराला."

"अन् ढगाला?"

ढगही तोच होता. एकाच शुक्रवारचा फोटो दर आठवड्याला वर जात होता!

"आणि मागं पुस्तक घेऊन हे कोण? ह्यांना टिकली कशी न्हाई?"

सरांनी वाकून पाहिलं. "मी आहे," ते पुटपुटले. "मला नाही झाकता येत. मी पोरगं नाही ना, सरकारी नोकर."

बातमी आली, फोटोसकट. मोठा बोभाटा झाला. तपासणीला जीप येऊन गेली. सोमेश्वर सरांना खुलासा देता देता घाम फुटला. आणि त्या शुक्रवारी खरोखरच टोपलीभर अंडी आली! पोरं ताटावर अशी वाकली, जणू अंड्यावर काही लिहिलेलं आहे. सर दारात उभं राहून बघत राहिले. आपल्या हातून काहीतरी बरोबर झालं की काय, अशी गोड शंका त्यांना येऊ लागली.

एवढ्यात चौथीतली पायल आपल्या ताटातलं अर्धं अंडं घेऊन आली.

"घ्या, सर."

"मला कशाला गं?"

"पेपरात आल्तं ना. अंड्यांच्या भानगडीत चेहरा फक्त तुमचाच होता. आमचे आबा म्हणले, दोन महिन्यांची अंडी ह्याच मास्तरनं खाल्ली! मंग म्हटलं, आता तुमची आबाळ व्हायची."

खुलासा करायला सरांनी तोंड उघडलं. पण नेहमीप्रमाणे वाक्य काही सुचेना. तोंड उघडंच होतं, तेव्हा त्यांनी अंडं खाल्लं.