टेकू काढायच्या आधी

पोह्यांच्या आधी चहा आला, की गुंडेराव त्यावर बशी झाकून ठेवत. पोहे संपल्यावर तोच गार चहा तोंड वाकडं करून पीत आणि वर हॉटेलवाल्यालाच सुनावत, "आधी काय, मंग काय, ह्याला काही माप हाय का न्हाई?"

लातुरात तेव्हा क्लासच्या नादानं गल्लोगल्ली होस्टेलं उठत होती. त्यातल्या एका मुलींच्या होस्टेलचे गुंडेराव सुपरवायझर, आणि मी त्यांच्या हाताखालचा नवखा इंजिनिअर. कोणतं काम कशानंतर, याचा तक्ता त्यांनी भिंतीवर डकवला होता. आमचे शेटजी नेमकं उलटं करत. प्लास्टर व्हायच्या आधी रंगारी हजर, दारं बसायच्या आधी पलंग! "लग्नाआधी बारसं करायलेत!" म्हणत गुंडेराव तक्ता खोडून नव्यानं आखत. त्यांच्या धास्तीपायी माझंही जेवण गोड लागेना. काय माणूस होता, बाप रे!

मुली राहायला यायची वेळ जवळ आली. वरचा स्लॅब अजून ओला, खाली टेकू उभे, आणि शेटजींनी तिथंच फरशी बसवून घेतली. प्रत्येक टेकूभोवती एक चौकोन सोडून! मग म्हणाले, "टेकू काढा अन् चौकोन भरा. उद्या पहिल्या सात-आठ पोरी येतायत, आईबापांना शब्द दिलाय."

"स्लॅब कच्चा हाय, मालक."

"तुम्हाला सगळ्याचंच भ्या!"

मिस्त्रीनं हातोडा उचलला. गुंडेराव आत गेले आणि स्लॅबखाली मधोमध मांडी घालून बसले. "हं, काढा."

मिस्त्री माझ्याकडं बघतोय, मी शेटजींकडं. मला हसू येत होतं.

"खूळ लागलं का तुम्हाला?" शेटजी ओरडले.

"गावाकडं मातीच्या भिंतीवर मीच स्लॅब टाकला होता," गुंडेराव म्हणाले. "म्हटलं, डोक्यावर छप्पर तर होऊ दे, खांब मंग करू. भूकंपात माझी लेक त्याच्याखाली गेली. दहावीला होती."

मिस्त्रीनं हातोडा खाली ठेवला. शेटजींचा आवाज एकदम उतरला. "पण उद्या ह्या पोरींना ठेवू कुठं?"

"माझ्या घरी ठेवा. मी एकटाच असतो, हितं वॉचमनजवळ पडंन." गुंडेराव पँट झटकत उठले. "तिथं वर नुसता पत्रा हाय. उन्हाचा लई तापतो, पण पोरी बिनघोर झोपतील."