फोल्डरमधला एकुलता तोटा

अख्ख्या आकुर्डीत माझ्याइतकं हुशार डोकं नाही, हे मला दहावीच्या सुट्टीत कळलं. कोडिंग शिकून जेमतेम वीस दिवस झाले होते आणि मी शेअर बाजार जिंकला होता! निदान कागदावर.

माझे पप्पा चाकणच्या एका कंपनीत एकोणीस वर्षं प्रेस मशीन चालवत होते. परमनंट. त्यांच्याकडे एक युक्ती होती: शेअर सकाळी घ्यायचा, दुपारी विकायचा. मागच्या सहा महिन्यांत ती चालली असती का, हे तपासणारा प्रोग्राम मी लिहिला. तो प्रत्येक दिवसाचा निकाल फाइलमध्ये ठेवायचा आणि फाइलचं नावही स्वतःच तयार करायचा. नफा झाला तर 'नफा' आणि पुढे तारीख. तोटा झाला तर नुसतं 'तोटा'. तोट्याला कशाला तारखांचे दागिने?

फोल्डर उघडला. नफ्याच्या एक्केचाळीस फायली, वरातीतल्या पोरांसारख्या दाटीवाटीनं उभ्या. तोट्याची एकच, कोपऱ्यात अंग चोरून.

"सहा महिन्यांत एकदाच बुडायलंय?" पप्पांनी विचारलं.

"एकदाच."

आई भाजी निवडत होती. सहा महिन्यांचे बेचाळीसच दिवस कसे, म्हणाली. मी सांगितलं, बाजाराला सुट्ट्या फार असतात!

कंपनीत स्वेच्छानिवृत्तीची नोटीस लागलेली होती, मुदत शुक्रवारची. आता शेअरवरच कमवायचं म्हणून पप्पांनी गुरुवारीच अर्जावर सही ठोकली आणि शिफ्टला पेढे वाटले. लोक त्यांना ज्योतीरामशेठ म्हणू लागले.

शनिवारी मी आठवड्याचे नवे भाव घालून प्रोग्राम परत चालवला. तोट्याची फाइल एकच राहिली, पण आतली तारीख बदलली. नाव एकच, म्हणून प्रत्येक नवा तोटा जुन्याला पुसून त्याच्या जागी बसत होता! मी तोट्यालाही तारखा दिल्या. फायली पडतच राहिल्या. ब्याऐंशी.

पप्पांनी स्क्रीनवर बोट ठेवून त्या सगळ्या मोजल्या. सोमवारी अर्ज मागे घ्यायला गेले. साहेबांनी चहा पाजला, अर्ज काही दिला नाही. मिळालेल्या पैशांचं पासबुक आईनं पिठाच्या डब्यात लपवलं.

आता पप्पा शेजारच्या कंपनीत तसल्याच प्रेसवर आहेत, ठेकेदाराकडून. दर सात महिन्यांनी ब्रेक, मग नवा भरतीचा दिनांक आणि नवा गेटपास. परवा दुसरा पास आला. पहिला ठेकेदारानं काढून घेतला आणि गळ्यातल्या त्याच दोरीत नवा अडकवला. अनुभवाच्या रकान्यात शून्य.

पप्पांनी तो पास माझ्यासमोर धरला.

"बघ, यांनीबी तुझाच प्रोग्राम बसवलाय."